चारशे पंचावन्नच्या शोधात

गेल्या दोन शनिवारांचा हिशोब द्यायचा आहे. पहिला शनिवार सिग्नल जनरेटरचं एक किट जोडण्यात गेला, आणि दुसरा ते किट घेऊन कराडला काकांकडे. मधल्या पाच दिवसांत ऑफिसमधून आल्यावर रोज रात्री वाचत बसलो, आणि चारशे रुपयांच्या आत मिळणाऱ्या या डबीमागे शंभर वर्षांची भानगड आहे हे लक्षात आलं. ती आज सांगतो. नमनाला घडाभर तेल नको, म्हणून सरळ काकांच्या दुकानापासून सुरुवात.

काकांचं कराडात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, आठ बाय दहाची खोली, एक टेबल, एक शंभरचा बल्ब आणि भिंतीला पाठ उघडे टाकलेले रेडिओ. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे पडीक असायचो. काकांच्या खिशाला कायम एक जाडजूड पेन असायचं, पण त्याने लिहिता यायचं नाही. निबेच्या जागी खिळा आणि आत एक पेन्सिल सेल, दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स आणि दोन-तीन कंडेन्सर. हा त्यांचा 'इंजेक्टर'. बंद पडलेला रेडिओ आला की काका त्याची सुरुवात स्पीकरकडून करायचे. खिळा व्हॉल्यूम कंट्रोलला टेकवला आणि स्पीकर 'पींऽऽ' करून ओरडला, की पुढचा सगळा भाग शाबूत. मग एक पायरी मागे, अजून एक पायरी मागे. जिथे ओरडणं थांबलं तिथे दोष. आम्ही आता ज्याला डीबगिंग म्हणतो आणि त्याबद्दल पगार घेतो, ते मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथे!

त्या पेनातल्या सर्किटला मल्टीव्हायब्रेटर म्हणतात. हे नाव १९१९ चं. हेन्री अब्राहम आणि युजीन ब्लॉक या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात दोन व्हॉल्व एकमेकांना उलटसुलट जोडले. एक चालू झाला की दुसरा बंद, दुसरा चालू झाला की पहिला बंद. त्यातून चौकोनी लाट मिळते, आणि चौकोनी लाट एकटी कधीच येत नाही. मूळ फ्रिक्वेन्सीबरोबर तिच्या पटी असतातच, तिप्पट, पाचपट, सातपट... अशी मोठी वरात. एकाच वेळी अनेक कंपनं, म्हणून 'मल्टी'. काकांना हा इतिहास माहीत असायचं कारण नव्हतं, पण त्याचा उपयोग पुरेपूर माहीत होता. इंजेक्टर मुळात एक हजार हर्ट्झच्या आसपास ओरडतो, पण त्याच्या पटी पार मीडियम वेव्हपर्यंत पोचतात. म्हणून एकच खिळा स्पीकरपासून एरियलपर्यंत कुठेही चालतो.

पण घोडं अडायचं ते पुढे. इंजेक्टर फक्त 'जिवंत की मेलेला' एवढंच सांगतो. रेडिओ जिवंत आहे पण बहिरा आहे, दोन स्टेशनं एकात एक मिसळतायत, तेव्हा इंजेक्टरचा उपयोग नाही. तिथे लागतो ४५५.

४५५ म्हणजे काय ते थोडक्यात. १९१८ मध्ये एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन माणसाने सुपरहेटरोडाइन नावाची युक्ती काढली. रेडिओने प्रत्येक स्टेशनसाठी वेगवेगळी गाळणी लावण्यापेक्षा आलेलं कुठलंही स्टेशन आत घेऊन एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणायचं आणि तिथे एकच उत्तम गाळणी बसवायची. आपल्याकडच्या बहुतेक रेडिओंत ही ठरलेली फ्रिक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ. रेडिओच्या आत पत्र्याच्या छोट्या चौकोनी डब्या दिसतात ना, पिवळ्या-पांढऱ्या-काळ्या टिकल्यांच्या? त्या आयएफटी. तीच ही गाळणी. टिकलीला खाच असते, ती फिरवून डबी ४५५ वर आणायची. आणि त्यासाठी बरोब्बर ४५५ किलोहर्ट्झची लाट देणारं यंत्र हवं, म्हणजेच सिग्नल जनरेटर. थोडक्यात, इंजेक्टर हा हातोडा आणि सिग्नल जनरेटर ही मोजपट्टी.

काकांकडे मोजपट्टी नव्हती. तिची किंमत दुकानाच्या काही महिन्यांच्या कमाईएवढी होती. काकू एकदा म्हणाल्याही होत्या, "घ्या की एकदाचं." काकांनी विषय बदलला. ते आयएफटी कानाने लावायचे. स्वेटर विणायच्या प्लॅस्टिकच्या सुईचं टोक घासून चपटं केलेलं (लोखंडी पेचकस चालत नाही, तो जवळ आला की कॉइलची फ्रिक्वेन्सीच बदलते), आणि रेडिओ लावलेला एखाद्या दूरच्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या स्टेशनवर. सांगली आकाशवाणीवर का नाही, असं मी विचारलं होतं. कारण जवळचं स्टेशन जोरदार येतं, आणि जोरदार स्टेशन आलं की रेडिओ स्वतःच आपला आवाज आवरून घेतो. मग टिकली फिरवून फरक कळत नाही. फरक कळतो तो फक्त अशक्त आवाजात. डोळे मिटून, मान तिरकी करून काका सुई फिरवत बसायचे, आणि दुकानात कोणी बोललं तर हाताने गप्प करायचे.

तर ही मोजपट्टी इतकी महाग का होती? आणि आज दोघांच्या मिसळीच्या आसपास कशी काय मिळते? इथून खरा इतिहास सुरू होतो.

लाट काढणं अवघड नाही. अवघड आहे ती एकाच मापाची ठेवणं. १९३० च्या दशकात आवाजाच्या टप्प्यातली, म्हणजे साधारण वीस ते वीस हजार हर्ट्झची लाट काढायला जी यंत्रं होती त्यांतली बरीच 'बीट' पद्धतीची. दोन उंच फ्रिक्वेन्सीच्या लाटा काढायच्या आणि त्यांतला फरक वापरायचा. उदाहरणार्थ १०० आणि १०१ किलोहर्ट्झ, फरक १ किलोहर्ट्झ. आता यांतली एक लाट नुसती १०० हर्ट्झने सरकली तर तिच्या मानाने ती चूक हजारात एक. पण फरक मात्र १००० चा ११०० होतो, म्हणजे दहा टक्के चूक! म्हणून ही यंत्रं जडजूड, नाजूक, सारखी जुळवायला लागणारी, आणि किंमत दोनशे डॉलरच्या वर.

स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन यांच्या हाताखाली शिकणाऱ्या बिल ह्यूलेट नावाच्या विद्यार्थ्याने १९३९ च्या प्रबंधात दुसरा रस्ता घेतला. माक्स वीन या जर्मन शास्त्रज्ञाचा १८९१ चा एक ब्रिज होता, नुसत्या रेझिस्टन्स आणि कंडेन्सरचा, कॉइल नाही. त्याला फीडबॅक देणारा अँप्लिफायर जोडला की लाट तयार होते. यातला मोठा फायदा असा की फ्रिक्वेन्सी सरळ कंडेन्सरच्या उलट बदलते. कॉइलवाल्या सर्किटमध्ये ती वर्गमुळाने बदलते. म्हणजे रेडिओतला साधा गँग कंडेन्सर, जो दहापट बदलतो, तो कॉइलबरोबर जेमतेम तिपटीची फ्रिक्वेन्सी देतो, आणि वीन ब्रिजमध्ये पूर्ण दहापट. बाजारात मिळणारा रेडिओचा भाग, आणि एका फेरीत दहापट पल्ला!

पण या ब्रिजची एक खोड आहे. अँप्लिफायरने सिग्नल बरोब्बर तीनपट करायला हवा. जरा कमी पडला की लाट विझते, जरा जास्त झाला की ती वाढत वाढत जाते आणि डोकं-पाय कापलेली निघते. 'बरोब्बर तीन' कसं राखायचं? ह्यूलेटने तिथे एक छोटा दिवा बसवला. हो, साधा टंगस्टनच्या तारेचा दिवा! तार थंड असताना तिचा अवरोध कमी, तापली की जास्त. लाट मोठी व्हायला लागली की दिवा तापतो, अवरोध वाढतो, अँप्लिफायर आवरता घेतो. लाट लहान झाली की दिवा निवतो आणि अँप्लिफायर पुन्हा जोर धरतो. कोणी देखरेख करायला नको, दिवाच राखणदार. (दिव्याने लाट स्थिर करायची कल्पना आधी बेल लॅब्जच्या मीचमने १९३८ मध्ये वापरली होती. ह्यूलेटने तिचं लग्न वीन ब्रिजशी लावलं.)

ह्यूलेट आणि त्याचा मित्र डेव्ह पॅकार्ड यांनी पालो आल्टोच्या एका गॅरेजमध्ये ५३८ डॉलरच्या भांडवलावर हे यंत्र बनवायला घेतलं. नाव ठेवलं '२०० ए', म्हणजे ही काही पहिलीच वस्तू नाही असं गिऱ्हाइकाला वाटावं! किंमत ५४ डॉलर ४० सेंट. ही कुठून आली? हिशोब करून नव्हे. अमेरिकेत १८४० च्या दशकात ५४ अंश ४० मिनिटं या अक्षांशाची सीमा मागणारी एक घोषणा गाजली होती, तिच्यावरून. मग लक्षात आलं की या किमतीत यंत्र बनतच नाही. पुढच्या मॉडेलची, '२०० बी'ची किंमत त्यांनी ७१ डॉलर ५० सेंट केली, आणि त्यातली आठ यंत्रं वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने 'फँटेशिया' या १९४० च्या चित्रपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी घेतली. पुढची एचपी कंपनी तुम्हाला ठाऊक आहेच.

म्हणजे पहिली स्वस्ताई आली ती कल्पनेतून. महागडं काहीतरी काढून तिथे दिवा बसवला.

दुसरी स्वस्ताई आली घामातून, आणि तीही गिऱ्हाइकाच्या. मिशिगनमधल्या बेंटन हार्बरची हीथ कंपनी मुळात घरी जोडायच्या विमानांची. संस्थापक एडवर्ड हीथ १९३१ मध्ये विमान अपघातात गेला, १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनीने कंपनी घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे इलेक्ट्रॉनिक भाग ढिगाने आणि मातीमोल भावात निघाले. अँथनीने ते उचलले आणि १९४७ मध्ये ३९ डॉलर ५० सेंटला ऑसिलोस्कोपचं किट काढलं. भाग आम्ही देतो, डाग तुम्ही द्या. मग 'हीथकिट' या नावाने सिग्नल जनरेटर, मीटर, रेडिओ, पुढे टीव्हीसुद्धा. त्यांची पुस्तिका म्हणजे वस्तुपाठ होता. एक वाक्य, एक कृती, शेजारी छोटी मोकळी चौकट. वायर लावली की खूण करायची आणि पुढे जायचं. पण जोडणीची मजुरी वाचते तोवरच या धंद्याला अर्थ. यंत्रं भाग बसवायला लागली, सगळं सर्किट एका चिपमध्ये मावायला लागलं, आणि तयार वस्तू किटपेक्षा स्वस्त झाली. १९९२ मध्ये हीथने किटं बंद केली.

तिसरी स्वस्ताई या चिपची. माझ्या किटमधली चिप 'एक्सआर २२०६', मूळची कॅलिफोर्नियातल्या एक्सार कंपनीची, १९७० च्या दशकातली. सोळा पायांची. एक्सार २०१७ मध्ये मॅक्सलिनियरने विकत घेतली आणि मूळ चिपचं उत्पादन थांबलं, पण किटं येतायतच. तेव्हा आतली चिप बहुधा नक्कल आहे असं समजूनच चालावं.

या चिपमध्ये दिवा नाही, ब्रिजही नाही. कंडेन्सर ठरावीक करंटने भरायचा, वरच्या खुणेला पोचला की उलटं फिरून रिकामा करायचा, खालच्या खुणेला पुन्हा भरायचा. नळाखालच्या बादलीसारखं. पाण्याची पातळी काढली तर त्रिकोणी लाट, आणि 'भर-ओत' ही आज्ञा काढली तर चौकोनी. खुणा पक्क्या असल्यामुळे लाटेचा आकार आपोआप स्थिर. मग साइन लाट? ती या चिपमध्ये जन्मतच नाही! त्रिकोणाची टोकं घासून गोल केलेली असतात, तीच साइन म्हणून बाहेर येते. सूत्रातही हे दिसतं. वीन ब्रिजच्या सूत्रात दोन पाय येतो, कारण तिथे खरी गोल-गोल फिरणारी लाट आहे. २२०६ च्या सूत्रात नुसतं एक भागिले आर-सी. पाय गायब, कारण वर्तुळच नाही, बादली आहे.

आता माझ्या शनिवारबद्दल. किटात एक बोर्ड, आयसीचा सॉकेट, तीन नॉब (एक आवाक्याचा, एक बारीक, एक लाटेच्या उंचीचा), टप्पा बदलायचे जंपर आणि अॅक्रिलिकच्या पट्ट्या. पट्ट्यांवरचा तपकिरी कागद सोलायचा असतो, हे मला डबी अर्धी जोडल्यावर कळलं! दोन तासांत डाग देऊन झाले. चालू केलं, तर काहीच नाही. अर्धा तास डोकं खाजवल्यावर दिसलं की आयसीचा एक पाय सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडलाय. तो सरळ केला तर लाट आली, पण त्रिकोणी. साइनचा जंपर लावलाच नव्हता. लाट बघायला ऑसिलोस्कोप नव्हता, लॅपटॉपच्या साउंडकार्डवर बघितली. कोणी करणार असाल तर थेट जोडू नका बरं का. चौकोनी लाट आठेक व्होल्टची येते, साउंडकार्डला एक व्होल्ट म्हणजे डोक्यावरून पाणी. मध्ये दहा हजार आणि एक हजार ओहमचे रेझिस्टन्स लावून सिग्नल अकराव्या हिश्श्यावर आणा.

आणि किटवर छापलं होतं : १ हर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ. म्हणजे ४५५ किलोहर्ट्झ त्यात आला की! मी लगेच काकांना फोन केला.

काका आता अठ्ठ्याहत्तरचे. दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली, पण टेबल घरी आणून ठेवलंय आणि एक रेडिओ अजून पाठ उघडी टाकून बसलाय. किट हातात घेऊन त्यांनी उलटंसुलटं बघितलं. "एवढंसं? आणि ४५५ देतंय?" मी चौकोनी लाटेला मल्टीमीटर लावला, त्यावर फ्रिक्वेन्सी दिसते. मोठा नॉब केसभर हलवला की आकडा दहा-वीस किलोहर्ट्झने उडी मारायचा, कारण शेवटच्या टप्प्यात ६५ पासून १००० किलोहर्ट्झपर्यंतचा सगळा पल्ला त्या एका फेरीत कोंबलाय. बारीक नॉबने कसाबसा ४५५ वर आणला.

"मीटर खरं बोलतंय कशावरनं?" काका म्हणाले.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्याकडे होतं. रेडिओ एका स्टेशनवर लावला, ज्याची फ्रिक्वेन्सी त्यांना तोंडपाठ. किटची वायर नुसती रेडिओजवळ ठेवली आणि मला म्हणाले, आता हे त्या स्टेशनच्या जवळ आण. मी नॉब फिरवत गेलो आणि गाण्यामागे एक बारीक शिट्टी उमटली. दोन लाटांमधला फरक. बीट! १९३० च्या दशकातली तीच युक्ती.

"आली," मी म्हटलं.

"कुठं?" काका म्हणाले.

शिट्टी मला स्पष्ट ऐकू येत होती. काकांना नाही. मी नॉब फिरवत राहिलो, शिट्टी उतरत गेली, बऱ्यापैकी खाली आली तेव्हा त्यांची मान हलली. "हां, आता आली." ज्या कानाने त्यांनी चाळीस वर्षं गावातले रेडिओ जुळवले, त्या कानाची वरची पट्टी गेली होती. मी काही बोललो नाही. तेही नाही.

शिट्टी उतरत उतरत घरघर झाली आणि थांबली. म्हणजे किट आणि स्टेशन एकाच फ्रिक्वेन्सीवर. स्टेशनची लाट पक्क्या मापाची असते, तिच्याइतकी खात्रीची मोजपट्टी घरात दुसरी नाही. मीटरचा आकडा तपासला, बरोबर होता. मीटर खरं बोलत होतं. आम्ही चहा घेईपर्यंत तसंच ठेवलं. पाच मिनिटांत घरघर पुन्हा सुरू झाली, तिची शिट्टी झाली, आणि ती चढत चढत काकांच्या कानाबाहेर निघून गेली. मला ऐकू येत होती.

"वजन हलतंय रं तुझं," काका म्हणाले.

अगदी नेमकं. २२०६ च्या माहितीपत्रकात एका अंशाला दहा लाखांत वीस एवढाच फरक लिहिलाय, पण तो चिपचा. किटमधले स्वस्तातले कंडेन्सर आणि नॉब तापले की कितीतरी जास्त सरकतात. तराजू मिसळीच्या भावात मिळायला लागला, वजनं अजून तशी मिळत नाहीत. ह्यूलेटच्या दिव्याने, हीथच्या पुस्तिकेने आणि या चिपने लाट स्वस्त केली. ती खरी किती आहे ही खात्री मात्र प्रत्येक वेळी वेगळी कमवावी लागली, आणि काकांनी ती कानाने कमवली होती.

मग आम्ही किट अर्धा तास तापू दिलं. नंतर सरकणं बरंच कमी झालं. दर वेळी मीटरवर ४५५ बघून घ्यायचा आणि मग टिकली. काकांनी कपाटातून ती विणायची सुई काढली. आवाजाचा भरवसा नको म्हणून मी दुसऱ्या मीटरने एव्हीसीचे व्होल्ट बघत होतो आणि आकडा ओरडून सांगत होतो, ते सुई फिरवत होते. डोळे मिटूनच. सवय. तिन्ही डब्या झाल्या तेव्हा आधी जेमतेम येणारं एक स्टेशन बऱ्यापैकी मोठ्याने बोलायला लागलं. काकू आतून म्हणाल्या, "आवाज कमी करा."

किट तिथेच ठेवून आलो. काल फोन आला होता. काका म्हणाले, अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास तापू दिलं की ४५५ जास्त वेळ टिकतो, आणि पंखा बंद ठेवायचा. पुढच्या वेळी येताना चांगल्यापैकी कंडेन्सर घेऊन ये, बदलून बघू. पुण्यात तपकीर गल्लीत मिळतील. बघतो या शनिवारी.